वजनकाट्यावरची मांजरी

तीर्थस्वरूप काकांना, गुंड्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच. उरलेला समक्ष भेटीत पुरा करीन.)

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून जिवाला बरं वाटलं. काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढू नका, गच्चीवरचे कपडे काका आणतील. तुम्ही आणणार नाही हे मला ठाऊक आहे, पण पत्रात लिहिलेलं बरं दिसतं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य हाताला सवय म्हणून उमटलं. तुमची सून खुशाल आहे, नात खुशाल आहे (ती हल्ली माझ्याशी बोलत नाही, म्हणजे खुशालच असणार). मी खुशाल नाही.

पत्र हाताने लिहितोय याचं नवल वाटेल. त्याचं कारण असं की ऑफिसच्या संगणकावर काहीही लिहिलं तरी ते जावई वाचतो. म्हणून भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावर मोडक्या खुर्च्या ठेवतात त्या खोलीत, त्यातल्या त्यात कमी मोडक्या खुर्चीवर बसून लिहितोय. अक्षर हललं असेल तर तो खुर्चीचा दोष समजावा. सगळाच नाही.

जावई कोण हे सांगण्याआधी मी कोण हे पुन्हा एकदा सांगायला हवं. गेली अकरा वर्षं तुम्ही अख्ख्या आळीला ‘पुतण्या बँकेत आहे’ असं सांगत आला आहात. काका, मी बँकेत नाही. लोकांनी आपली पुंजी कुठल्या कंपनीत गुंतवावी आणि कुठल्या कंपनीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, याचा अभ्यास करून मी अहवाल लिहितो. माझ्याकडे कागद आणि पुठ्ठा करणाऱ्या कंपन्या आहेत. (कुणाच्या वाट्याला औषधं येतात, कुणाच्या विमानं. माझ्या वाट्याला पुठ्ठा आला. तक्रार नाही, पुठ्ठ्याने निदान कधी अपघात केला नाही.) लिहितो म्हटलं खरं, लिहीत होतो म्हणायला हवं. कारण मागल्या वर्षी आमच्याकडे अहवाल लिहिणारं यंत्र आलं. वरच्यांनी त्याचं नाव ‘सहकारी’ ठेवलं, आम्ही त्याला जावई म्हणतो. त्याच्यासाठी वेगळी थंडगार खोली आहे, त्याचं काही चुकलं तरी सगळे हसून साजरं करतात, आणि ‘त्याला काय हवं-नको ते बघा’ असा साहेबांचा रोजचा घोष असतो.

तर या जावयाला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. माझे अकरा वर्षांचे सगळे अहवाल मी त्याला एकेक करून भरवले. चार दिवसांत त्याला माझी लकब आली. मी प्रत्येक अहवालाच्या शेवटी ‘तथापि सावध राहिलेलं बरं’ असं लिहायचो, तोही लिहायला लागला, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याचं ‘तथापि’ माझ्यापेक्षा बरं पडतं. गिऱ्हाइकांत एक निवृत्त परिचारिका आहेत. पट्टी धरून ओळ अन् ओळ वाचतात आणि मग फोन करतात. त्यांनी जावयाचा पहिला अहवाल वाचून मला कळवलं, की या वेळी तुमच्या लिहिण्यात जिव्हाळा जाणवला. मी आभार मानले. दुसरं काय करणार?

मग माझं काम काय उरलं? सही. नियम असा आहे की अहवालाखाली हाडामांसाच्या माणसाची सही लागते, आणि जावयाला सगळं आहे, फक्त हात नाहीत. तेव्हा दिवसाला तीस-तीस अहवाल येतात आणि मी सह्या करतो. कंबर धरली ती त्यानेच.

एवढ्यावर भागलं असतं. पण साहेबांना वाटलं की माझी उमेद खचते आहे (बरोबर वाटलं), म्हणून त्यांनी माझ्यावर एक प्रगती-मार्गदर्शक नेमली. वय असेल सव्वीस. तिने पहिल्याच भेटीत मला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात. ती हसली नाही, तिने ते लिहून घेतलं. तेव्हापासून मी पहाटे पाचला उठतो, थंड पाण्याने अंघोळ करतो, आणि ज्याबद्दल कृतज्ञ आहे अशा तीन गोष्टी वहीत लिहितो. पहिल्या दिवशी बायको, मुलगी आणि काका असं लिहिलं. नवव्या दिवशी ‘पंखा’ लिहिलं. शिवाय मनगटावर एक घड्याळ आहे, ते नाडी मोजतं आणि शाबासकी देतं. परवा साहेब मला बारा मिनिटं फैलावर घेत होते, मी जागचा हललो नव्हतो. ते संपल्यावर घड्याळ थरथरलं आणि म्हणालं, वा! आज तुम्ही टेकडी चढलात.

आता टेकडी का चढावी लागली ते सांगतो.

जावयाने एका कागदगिरणीवर अहवाल लिहिला. गिरणी जोरात आहे, रात्रंदिवस चालते, लोकांनी बिनघोर पैसे घालावेत. आधार काय? तर कंपनीने स्वतः दिलेले आकडे, आणि आकाशातून काढलेला एक फोटो, ज्यात आवारात चाळीस ट्रक उभे दिसतात. उभे, काका! उभ्या ट्रकाला जावई धंदा म्हणतो. माझ्या मनात पाल चुकचुकली. कुणाला न सांगता रजा टाकली, बस बदलत बदलत गिरणीपर्यंत गेलो. आत सोडेनात. पण फाटकातून ट्रक तोलायचा वजनकाटा दिसत होता, तुम्ही ज्याच्या शेजारच्या खोलीत एकतीस वर्षं बसलात ना, तस्साच. आणि काट्याच्या ऐन मधोमध, गोणपाटावर, एक तांबूस मांजरी चार पिल्लांना पाजत पडली होती. निवांत. कानसुद्धा हलवत नव्हती.

लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे येऊन बसायचो तेव्हा काट्यावर चिमणी टेकत नव्हती. एक ट्रक उतरतोय तोवर दुसरा चढायचा.

मी पहारेकऱ्याला विचारलं, “किती दिवस झाले हो?”

“कशाला?”

“व्यायला.”

“आज नववा.” त्याच्या चेहऱ्यावर जरा कौतुक होतं. “पहिलटकरीण आहे.”

“आणि शेवटचा ट्रक कधी आला?”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आत बघितलं, मग फाटक हळूहळू ओढून घेतलं. “साहेब,” तो म्हणाला, “मांजरीचं काय ते विचारा.”

फोटो का काढला नाहीस, असं तुम्ही विचारणार. साहेबांनीही विचारलं. काका, फोन माझ्या हातात होता. पण मार्गदर्शक बाईंनी त्यात अशी सोय करून ठेवली आहे, की नऊ ते एक फोन कुलूपबंद राहतो. मी त्याला विनवलं, दाबलं, झटकलं. त्याच्यावर एक हिरवं पान उमललं आणि अक्षरं आली, ‘आता एकाग्र व्हा’. मी एकाग्र होऊन मांजरीकडे बघत उभा राहिलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर काट्यावर ताडपत्री पसरलेली, मांजरी गायब, आणि पहारेकरी मला ओळखेना.

तरी मी साहेबांकडे गेलो. सही करणार नाही म्हणालो. गिरणी बंद आहे, मी डोळ्यांनी बघून आलोय.

“काय बघितलंस?”

“मांजरी. चार पिल्लं.”

“मांजरी किती?”

“एक.”

“म्हणजे एका मांजरीवर तू गिरणी बंद पाडतोस.”

पुढची बारा मिनिटं म्हणजे ती टेकडी. पण साहेबांना वाईट म्हणवत नाही. शेवटी त्यांनी दार लोटून घेतलं, दमून खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “तू म्हणतोस ते खरं असेलही. पण नुसतं खरं असून भागत नाही रे आता. दाखवता आलं पाहिजे. मलाही वर दाखवावं लागतं.” त्यांच्याही मनगटावर तेच घड्याळ आहे. तेही तेवढ्यात थरथरलं.

अहवाल सोमवारी सगळ्या गिऱ्हाइकांना जाणार. परिचारिका बाई दर वेळी एकच प्रश्न विचारतात, “तुम्ही स्वतः बघितलंत ना?” अकरा वर्षं मी हो म्हणत आलोय, आणि बहुतेक वेळा ते खरं होतं. कितीदा वाटलं, पुठ्ठ्यात काय आहे एवढं? आता कळतं की तेवढंच होतं. कुणीतरी विचारायचं, बघितलंत ना, आणि मी बघितलेलं असायचं. जावई माझ्यासारखं लिहितो, माझ्यासारखं बिचकतो, उद्या माझ्यासारखं कण्हेलसुद्धा. पण त्याला त्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं नसतं, आणि तिथे न जाता त्याचं काही अडत नाही. अडतं ते माझं, आणि माझ्यावाचून कुणाचंच अडत नाही. कृतज्ञतेच्या वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते बाईंना विचारायचं आहे.

तर साहेबांनी कागद पुढे सरकवला, पेन पुढे सरकवलं. मी दोन्हींकडे बघितलं, खुर्ची मागे सारली आणि ताठ मानेने उठलो. घरी तुमच्या सुनेला तेवढंच सांगितलं, तिने डोळे पुसले. मुलगी कितीतरी दिवसांनी बोलली. म्हणाली, “बाबा, भारी.”

काकूंना नमस्कार. तुम्ही डोळ्यात औषध वेळेवर घालत जा.

आपला आज्ञाधारक (ही सवयच नडते),
गुंड्या

ता. क. – एक काम होतं. एकतीस वर्षं वजनकाटा सांभाळलेला माणूस माझ्या ओळखीत तुम्हीच. तेव्हा एका कोऱ्या कागदावर, तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात, एवढंच लिहून पाठवा: चालू गिरणीच्या काट्यावर मांजरी नऊ दिवस बसू शकत नाही. खाली सही, हुद्दा, नोकरीची वर्षं. विनोद समजू नका. दिलेली सही मागे घ्यायची तर जाणकाराचा लेखी आधार लागतो, असा आमच्याकडे नियम आहे. शनिवारपर्यंत पोचायला हवं.

ता. क. दुसरा – ‘दिलेली सही’ हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही, आता तर डोळाही नीट झाला आहे. काका, मी खुर्ची मागे सारून ताठ मानेने उठलो, हे अक्षरशः खरं आहे. सही करून उठलो. घरी हे अजून कुणाला माहीत नाही.