पत्र्याखालची रेंज

३ एप्रिल, लातूर
पल्लवीचं डोकं आजही उठलं. दुपारी उलटी. दादाची पोरगी, बिलोलीहून डॉक्टर व्हायला आलेली. वर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ती धरून पाच जणी, खाली स्लॅबखाली मी एकटी. गल्लीचं निदान तयार आहे: शेजारच्या गच्चीवरचा मोबाईल टॉवर. घरमालकीण सुमनमावशी म्हणाल्या, "लहरी सोडून राहिलाय ना त्यो. लेकरायची डोकी धरून राहिलीत." मी तिच्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. मला कोण विचारतंय!

५ एप्रिल
क्लासच्या काउंटरवर स्टिकर आलेत. सोनेरी, गोल. मोबाईलला चिकटवला की किरण शोषले जातात म्हणे. डायरेक्टर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, फिजिक्स विभागानं तपासलंय, असं दोन ओळी लिहून द्या. सही तुमची." कालच याच मुलांना लहरींची ऊर्जा शिकवली. शिसारी आली. सही न करता उठून आले. नोकरीचं बघू.

६ एप्रिल
दादाचा फोन. परीक्षा तोंडावर, आणि हा म्हणतो पल्लवीला घरी नेतो. "टावरखाली पोरगी ठेवायची न्हाई मला. डॉक्टरकी गेली चुलीत." मी म्हटलं, अरे दादा, ऊन तरी... त्यानं फोनच ठेवला. पोरगी रडून रडून सुजली. एवढा अभ्यास, आणि तो एका खांबापायी...

८ एप्रिल
भर दुपारी वर गेले. पत्र्याला हात लावला, चटका बसला. आत नुसती भट्टी. पंखा गरम हवाच ढवळतो. दादाला ऐकवावं म्हणून मोबाईल काढला, तर रेंजच नाही. मुली हसल्या. "मॅडम, आत कुठली रेंज? आम्ही बोलायला जिन्यात जातो." चारी बाजूंनी पत्रा. टॉवर इथपर्यंत धड पोचत नाही आणि डोकी म्हणे तोच दुखवतोय! खाली येऊन गल्लीत सांगितलं. शेजारचे काका म्हणाले, "म्हंजे लहरी आत गेल्या की अडकून राहिल्यात, मॅडम." हात जोडले आणि घरात आले.

९ एप्रिल
मावशींना सुनावलं. तुमचा पत्रा पोरी भाजतोय, खाली झोपवा त्यांना. त्या म्हणाल्या, "भूकंपात मातीच्या जड माळवदाखाली माझी दोन गेली, बाई. डोक्यावर वजन आसल तिथं मी लेकरू निजवत न्हाई." म्हणून वर पत्रा. म्हणूनच स्वतः बारमाही अंगणात झोपतात. टॉवरला दोष देणाऱ्यांचा राग येतो तसा इथे येईना. पण पल्लवी तापलीय.

१० एप्रिल
दवाखाना. सलाईन. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास, थंड जागी ठेवा. दादा उद्या न्यायला येतोय. मावशींना म्हटलं, एक दुपार माझ्या खोलीत झोपू द्या, दादाला फरक दिसेल, नाहीतर पोरीचं वर्ष गेलं. शेवटी म्हणाल्या, "दार उघडं ठिवायचं. अन् मी उंबऱ्यात बसनार."

११ एप्रिल
पल्लवी दाराजवळ झोपली. उशाशी मोबाईल, रेंज भरून. डोकं दुखलं नाही. मावशी उंबऱ्यात, नजर स्लॅबवर, हात पोरीच्या पायावर. जमीन हलली की ओढून काढायला.

दादा आला. पोरगी जागी होऊन हसली, भात मागितला. दादाने खिशातून काय काढावं? तोच सोनेरी स्टिकर! येताना क्लासमधून घेतलेला. "बघ, नुसता खिशात हाय तर उतरलं डोकं. आता र्‍हाऊ दे तिला. वर निजली तरी चालंल."

थुंकावंसं वाटलं. मी तोंड उघडणार तोच मावशी बोलल्या, "न्हाई. हितंच निजंल." पाय तसाच धरलेला.

वर अजून चौघी आहेत. मावशींना हात दोनच.