मदरबोर्डाचं गोत्र

रायपूर,
कोजागिरीनंतरचा मंगळवार

ती. सौ. पूर्णिमाताईले धाकट्या विनोदिनीचा वाकून नमस्कार. (कंबर पहिल्यासारखी वाकत नाही, पण कागदावर पूर्ण वाकली असं समज.)

तुझ्या गुडघ्याले त्या तेलानं काही फरक पडला का? भाऊजींची शुगर कशी आहे? आमच्या यांची तब्येत ठणठणीत. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांना एकच आजार, दुसऱ्याच्या कामात लक्ष घालणं. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण तुझा फोन सूनबाई स्पीकरवर लावून कणीक मळते, आणि तिच्या कानावर गेलेली गोष्ट पहिली पोळी तव्यावर पडायच्या आत बंगलोरले आमच्या यामिनीपर्यंत पोहोचते. म्हणून पत्र. वाचून फाडून टाक. (तू फाडणार नाहीस, गादीखाली ठेवशील, मले माहीत आहे.)

तुले तर ठाऊकच आहे, अक्षय्य तृतीयेपासून माझी पोट्टी माझ्याशी धड बोलून नाही राहिली. चूक माझी नव्हती. (होती.) तीस वर्षं झाली, इथल्या आपल्या मराठी लोकांच्या सोयरिका जुळवून राहिली मी. चौऱ्याहत्तर लग्नं लावली, त्यात मोडलं फक्त एक, तेही नवरदेवाच्या मामापायी. आणि माझी स्वतःची मुलगी एकतीस वर्षांची, बिनलग्नाची! तिचा फोन आला की मी आधी 'जेवली का' विचारायची आणि मग हळूच एक स्थळ पुढं सरकवायची. सातव्या स्थळाले तिनं फोन ठेवून दिला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा, "हां मम्मी, ठीक हूं, मीटिंग है." रविवारीही मीटिंग! दिवाळीले येतेस का म्हटलं तर "देखती हूं." ताई, दिवाळीले ती नाही आली तर मी कोणासाठी अनारसे करू? यांना तर शंकरपाळे दिले तरी चालते.

मग तिच्यासोबत राहते ती श्रावणी एकदा फोनवर बोलून गेली, "दीदी तो रोज आठ बजे गेम खेलती है, दो घंटे, पूरी टीम के साथ बातें करती है." माय वं! अनोळखी लोकांशी दोन तास, आणि जन्म देणारीशी दोन मिनिटं? त्याच दिवशी ठरवलं, आपणही त्या खेळात शिरायचं. पण आमच्या जुन्या लॅपटॉपवर तो खेळ उघडायले गेली तर आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज आला आणि तो विझला. हे म्हणाले, "याच्यात दम नाही, वेगळा कॉम्प्युटर लागते."

मग पंडरीच्या कापडबाजारात दिवाळीच्या चादरी घेतल्या आणि तिथूनच कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकान साहू भैयाचं, पण तिथलं सगळं काम त्यांची मुलगी सोनिया पाहते. सव्वीस-सत्तावीसची असेल, हातात सदा स्क्रू ड्रायव्हर. (लगीन झालं आहे. मी विचारलं नाही, तिनंच सांगतलं. बरं, विचारलं होतं.) तिनं समजावलं की खेळाचा कॉम्प्युटर आयता घ्यायचा नसते, एकेक भाग निवडून जोडायचा असते, आणि कोणता भाग कोणत्या भागासोबत पटेल ते आधी पाहावं लागते. ताई, हे ऐकलं आणि माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. म्हटलं, ज्या बाईनं चौऱ्याहत्तर जोड्या जमवल्या, तिले तू हे शिकवशील का बाई?

मी पर्समधून वही काढली आणि नेहमीसारखी विचारपूस सुरू केली. प्रोसेसर, म्हणजे सगळं डोकं चालवणारा भाग, त्याचं वय किती? घराणं कोणतं? स्वभाव कसा? सोनिया म्हणे, "आंटी, थोड़ा गरम होता है." गरम डोक्याच्या मुलाचं नाव मी वहीत घेतच नाही, पण ती म्हणे त्याच्यासाठी पंखा वेगळा येते. पाहा, स्वभाव आधी सांगतात आणि वर सोबत पंखा देतात! आपल्या लोकांत एवढा खरेपणा असता तर माझे अर्धे केस पांढरे झाले नसते. मग ग्राफिक कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं दाखवणारा भाग, ते निघालं विटेएवढं. यांनी खिशातून टेप काढून ते तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळं भरलं. डबा तिनं काचेचा दाखवला, आत लाल-हिरवे दिवे. मी म्हटलं, घरातलं सगळ्यांना दिसावं काहून? पण साधा डबा संपला होता.

आता घोळ कुठं झाला ते ऐक. सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो मदरबोर्ड. मी सहज विचारलं, हा बोर्ड आणि तो प्रोसेसर, दोघांचं घर एक की वेगळं? सोनिया मान हलवत म्हणे, "हव आंटी, दोनों एक ही खानदान के हैं." मी वही मिटली. सगोत्र! तीस वर्षांत एक सगोत्र लग्न मी होऊ दिलं नाही, लोकांनी पाया पडून सांगतलं तरी नाही, आणि माझ्याच घरात मी सगोत्र जोडी आणू? सोनियासमोर बोलली नाही. म्हटलं, नव्या जमान्याची लेकरं, त्यांना काय कळते. प्रोसेसर आणि बाकी सामान तिच्याकडून घेतलं, आणि बोर्ड मात्र समोरच्या दुकानातून, विचारून विचारून, अगदी दुसऱ्या घराण्याचा घेतला. समोरचा दुकानदार दोनदा म्हणाला, "मैडम, पक्का यही चाहिए?" मी म्हटलं, पक्का. आम्ही गोत्र पाहूनच करतो.

घरी आलो. आमच्याकडं भनपुरीच्या कारखान्यांकडून काळी धूळ येते, म्हणून आधी टेबल तीनदा पुसला, नारळ ठेवला, आणि हे जोडायले बसले. प्रोसेसर बसेना. असा फिरव, तसा फिरव, बसेना. यांनी रेल्वेच्या सवयीनं अंगठा लावला आणि जोर द्यायले निघाले, तर मी ओरडली आणि फोन लावला. सोनिया स्कूटीवर धावत आली. तिनं बोर्ड पाहिला, मग मले पाहिलं, आणि मी गोत्राचं सांगतल्यावर ती खुर्चीत बसून इतकी हसली की हे तिच्यासाठी पाणी घेऊन आले. मग म्हणाली, "आंटी, इसमें तो एक ही गोत्र चाहिए. और जो नहीं बैठ रहा, उसको जबरदस्ती मत बैठाओ. पिन टूट जाही."

ताई, ती आपली साधं बोलली. तिले काय माहीत माझ्या घरात काय चाललं आहे ते. पण मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि बराच वेळ धुतलं. सात स्थळं दाबून पाहिली मी, आठवं दाबायच्या बेतात होती. रडू आलं वं मले.

असो. सोनियानं समोरच्या दुकानदाराशी बोलून बोर्ड बदलून दिला आणि सगळं जोडूनही दिलं. (मी काचेच्या डब्यावर क्रोशाचं झाकण घातलं, तर आतला पंखा गुदमरून कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. झाकण आता मिक्सरवर आहे.) मग यामिनीले फोन केला. म्हटलं, स्थळ नाही सांगून राहिली, मले तुझ्या खेळात घे. ती म्हणाली, "मम्मी, तबियत तो ठीक है?" मग हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदा हसली, ताई.

खेळ असा आहे की चार जण एका बेटावर उतरतात, सामान गोळा करतात, आणि बाकीचे लोक आपल्याले मारायले येतात. पहिल्या दिवशी समोरून एक जण आला, मी 'नमस्कार' म्हणेपर्यंत त्यानं मले उडवलं. दुसऱ्या दिवशी मी नुसत्या मलमपट्ट्या गोळा केल्या आणि सगळ्यांना वाटल्या. यामिनीच्या टीमचे लोक मले 'आंटीजी' म्हणतात आणि लागलं की माझ्याकडं पळत येतात. तिसऱ्या दिवशी डोंगरावरून गोळ्या सुटल्या, मले काही सुधरेना, आणि कानात यामिनी ओरडली, "आई, मागं हो! मी आहे ना!"

मराठीत! जी पोट्टी कॉलेजात गेल्यापासून मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते, मम्मीशिवाय दुसरी हाक मारत नाही, ती 'आई' म्हणाली. मी तिथंच उभी राहिली आणि मेली. पण मजेत मेली. परवा तिनं धनत्रयोदशीचं तिकीट काढलं. अट एकच, "मम्मी, घर में कोई लड़का नहीं चाहिए." मी शब्द दिला.

बाकी सगळं क्षेम. भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि तू जिना चढू नकोस.

तुझी,
विनोदिनी

ता. क. आता खरं काम. नवरात्रात तू आणि मी मिळून तुमच्या शेजारच्या मारोतराव काळमेघांना भाऊबीजेले आमच्याकडं 'सहज फराळाले' बोलावून ठेवलं होतं ना, त्यांच्या सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या इंजिनिअर मुलासोबत? तेच ते आठवं. काहीही कर, पण ते येऊ देऊ नकोस. मी स्वतः सांगू शकत नाही, कारण मुलगी एका पायावर तयार आहे असं मीच त्यांना सांगून बसली.

ता. क. २. पोट्टीले पसंत नाही असं मात्र सांगू नकोस. त्यानं बोल तिच्यावर येते, आणि तिचा यात काही दोष नाही. तिले तर काळमेघांचं नावही माहीत नाही.

ता. क. ३. दोष माझा सांग. सांग, मुलगी गुणाची आहे, पण तिच्या आईचं डोकं फिरलं. साठीले आली, नातवंडं खेळवायच्या वयात रोज आठ वाजता कानाले डबे लावून कॉम्प्युटरवर बंदुका खेळते, कुकर लावायचंही भान नसते. अशा आईच्या घरी मुलगा देऊ नका, असं तीस वर्षं लोकांना मीच सांगत आली. आता आमच्या घराचं तू सांग, ताई. आणि काळमेघांचं नाव न घेता सूनबाईसमोर सांग, म्हणजे लवकर पसरेल.