आईला काय हवं होतं

आई, मला एका पानाचं पत्र लिहिता येत नाही आणि त्याला तू जबाबदार आहेस, म्हणून आज तुलाच लिहायला बसले आहे. तुझ्यावर मी पुस्तक लिहिलं. धाकट्या भावाच्या मुलीनं, तुझ्या नातीनं, ते इंग्रजीत आणलं. आता ते दिल्लीच्या एका एजंटाकडे पाठवायचं आहे. आपल्याकडे लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाच्या दारात जातो. तिकडे मधे हा माणूस असतो, आणि त्याला पुस्तक वाचावंसं वाटावं म्हणून आधी पत्र लिहावं लागतं. पुस्तक कोणाबद्दल आहे, त्यातल्या माणसाला काय हवं आहे आणि ते का मिळत नाही, एवढंच. पाटणच्या कचेरीत मी नोकरीभर नोटिसा लिहिल्या. माझी नोटीस हातात पडली की माणसं मुकाट कामाला लागत. हे पत्र मात्र कितीदा फाडलं, मोजलं नाही.

पहिला मसुदा भाचीनं साताऱ्याच्या माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला आणि हसत सुटली. वडील सैन्यात सुभेदार, शेती बागायती, लेखिका सांगलीच्या कॉलेजातून पदवीधर, स्वभाव मनमिळाऊ, चूकभूल माफ असावी. “आत्या, हे तर लग्नाचं स्थळ झालं. उंची तेवढी लिहायची राहिली.” मी तिला चहा गाळायला लावलं, पण ती खोटं बोलत नव्हती. कुठे शिकले मी हे? कुंडलच्या आपल्या घरात. मला बघायला पाटणची मंडळी आली आहेत. मुलाचे मामा विचारतात, पुढे काय करायचा विचार आहे? मी तोंड उघडते आणि दाराआडून तुझा आवाज येतो, “ती काय सांगनार? आवं, तुमी म्हनशीला तसं करंल.” मला बी.एड. करायचं होतं. मंडळी गेल्यावर चुलीपुढे तू मला झापलंस, पोरीनं आपल्या तोंडानं आपलं मागायचं नसतं म्हणून. त्याचा राग अजून गेलेला नाही आणि तो जाऊ द्यायचा माझा विचारही नाही.

दुसऱ्या मसुद्यात मी लिहिलं, ही एका कष्टाळू स्त्रीची कहाणी आहे. भाची म्हणाली, कष्टाळू ठीक आहे, पण आजीला पाहिजे काय होतं? मी म्हटलं, तिला कधी काही नको असायचं. “मग तू तीनशे पानं कशाला लिहिलीस?” या प्रश्नावर मी तिच्यावर ओरडले. ओरडायला तू समोर नव्हतीस.

पलूसच्या दुकानात साडी घेताना तुझं ठरलेलं, कुठली बी दे. वाटणीच्या दिवशीही तेच. अप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. ते पलटणीत असताना ओढ्याकाठचं रान तू दगड वेचून, बांध घालून उसाखाली आणलं होतंस, हे दोन्ही भावांना ठाऊक होतं. थोरला विचारतो, “आये, तुला काय पायजे ते बोल.” तू म्हणतेस, “मला काय करायचंय? तुमी दोगं घ्या.” रान धाकट्याकडे गेलं. संध्याकाळी मी तुला शोधत आले, तर तू त्याच रानात उसाला पाणी पाजत होतीस. हे तुला हवं होतं ना, असं मी विचारलं. तू मान वर न करता म्हणालीस, “व्हय. पन मागू कुनाला? आनि ह्ये कुटं बोलायचं न्हाई.”

मी बोलले नाही. तीनशे पानांत त्या संध्याकाळला वळसा घालून गेले. गाव त्याला तुझा मोठेपणा म्हणालं. मी म्हणणार नाही. तू मागितलं असतंस तर त्यांनी दिलं असतं किंवा तोंडावर नाही म्हटलं असतं. निदान ते म्हणायची पाळी त्यांच्यावर आली असती. तू त्यांना तेवढ्यातूनही सोडवलंस, आणि मला गप्प बसायला शिकवलंस.

काल पत्राची पहिली ओळ लिहिली. आपण कसलेलं रान आपल्या नावावर व्हावं असं एका बाईला वाटतं, आणि ते कोणाकडे मागावं हे तिला कळत नाही. भाचीनं वाचलं. या वेळी हसली नाही. हे पप्पांच्या वाटणीचं रान ना, म्हणाली. हो म्हटलं. “पप्पा वाचतील, आत्या.”

“वाचू दे.”

तू असतीस तर ही ओळ मी खोडली असती. तुझ्यासमोर माझं धाडस झालं नसतं, एवढं कबूल करते. तुला लिहिलेलं हे माझ्याजवळच राहील. आज सकाळी भाचीच्या हाती दिलं ते असं: एजंटासाठीचं पत्र, एक पान. पुस्तकाचा सारांश. सुरुवातीची तीन प्रकरणं. आणि त्या संध्याकाळचं नवं प्रकरण, माझ्या हस्ताक्षरात, अजून इंग्रजीत व्हायचं आहे.