फटफटी आणि पहिल्या साक्षीदाराची जागा

मी, वीरभद्रप्पा वल्द शिवशरणप्पा, वय साठीच्या आसपास, धंदा तेलाचा घाणा, राहणार मादन हिप्परगा, तालुका आळंद, जिल्हा गुलबर्गा, माझ्या पश्चात काय कोणाचे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. दमा छातीत आहे, डोक्यात नाही. मला कोणी धमकावलेले नाही, की गोड बोलून गुंडाळलेले नाही. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही, यापुढे लिहिण्याचा विचार नाही.

कलम १. राहते घर, परसातली चिंच आणि गाठीशी असलेली शिल्लक माझी पत्नी मल्लम्मा हिची. आम्हांला मूलबाळ नाही. एवढ्या घरात एकटी काय करणार, असे तिला कोणी विचारू नये. तिने आजवर मला विचारून काही केलेले नाही, आणि घर नीट चालले.

कलम २. घाणा आणि बैल ईरण्णाला, जो माझ्याकडे तरणा असल्यापासून राबतो आहे. अट एकच, भेसळ करू नये. करडईच्या तेलात दुसरे तेल पडले की घाणा मल्लम्माकडे परत जाईल. ही शिस्त मला माझे थोरले बंधू जगदेवप्पा यांनी लावली, आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मी इथे लेखी मानतो.

कलम ३. फटफटी. हिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

अण्णाने, म्हणजे याच जगदेवप्पांनी, आणि मी मिळून ती सडकेच्या कामावरच्या एका इंजिनिअरकडून घेतली, तेलाचे डबे आळंदच्या बाजाराला न्यायला. इंजन टू-स्ट्रोक. असल्या इंजनाला पेट्रोलातच तेल मिसळून द्यावे लागते, आतल्या दट्ट्याला दुसरीकडून तेल मिळत नाही. इंजिनिअरने हे आम्हां दोघांनाही समजावले होते. मी मिश्रण करून टाकी भरली. अण्णाने ती रिकामी केली, नवे पेट्रोल भरले आणि मला म्हणाला, "आपल्या घरात कशात काय मिसळत न्हाईत."

तसाच तो निघाला. माळ ओलांडायच्या आत दट्ट्या तापून नळकांड्यात चिकटला. बैल जुंपून गाडी परत आणली तेव्हा चावडीपुढे अख्खा गाव होता. टाकीत माझ्या मिश्रणाचा थेंब नव्हता हे अण्णाला ठाऊक होते. तरी तो लोकांना म्हणाला, "वीरूनं पेट्रोलात तेल मिसळलं, त्यानं इंजन मेलं."

तेव्हापासून मी गावात भेसळ्या झालो. बायाबापड्या माझ्याकडचे तेल जिभेवर ठेवून मग घेऊ लागल्या. घाणेवाल्याला याहून वाईट नाव नाही. ते मला फार लागले, अजूनही लागते.

गाडी पेंडीच्या खोलीत गेली. अण्णाची मुलगी गौरम्मा तेव्हा पाळण्यात होती; ती आळंदला मुलींच्या शाळेत शिकवू लागली तरी गाडी तिथेच. मग आमची वाटणी झाली. अण्णाने चांगला बैल घेतला, मी फटफटी मागितली. पंचांना हसू आवरेना.

बाहेर काढली तेव्हा उंदरांनी सीट खाल्ली होती, धुराच्या नळीत कुंभारमाशीने मातीची घरे बांधली होती आणि दट्ट्या हलत नव्हता. लोहार घण घेऊन आला, त्याला मी चहा पाजून परत पाठवले. वरून आमच्या घाण्याचे एरंडेल ओतले आणि मुरू दिले. श्रावण गेला, भादवा गेला. रोज थोडे ओतायचे, बाभळीचा ठोकळा ठेवून हलके ठोकायचे. मल्लम्मा म्हणाली, एवढे तेल माझ्या डोक्याला लावले असते तर केस घोट्याला लागले असते. दसऱ्याच्या सुमारास दट्ट्या केसभर सरकला. त्या दिवशी आनंदाने मला जेवण गेले नाही.

टाकीत खडी घालून खळखळून गंज काढला. दट्ट्याच्या कड्या सोलापूरहून आणल्या, चामड्याचा पट्टा आळंदच्या चांभाराने शिवला. गुलबर्ग्याच्या मिस्त्रीने मिसळायला एरंडेल चालते म्हणून सांगितले, मग तेच मिसळले. पाडव्याला गौरम्माने पदर खोचला आणि लाथ मारली. गाडी उठली. गल्लीभर आमच्या घाण्याचा वास सुटला, आणि अण्णाच्या घराची खिडकी बंद झाली. मेलेले इंजन मी उठवले, आणि तेही तेल मिसळून. याचा मला गर्व आहे, आणि तो मी मृत्युपत्रात नोंदवतो.

ही फटफटी, पाने, पक्कड आणि एरंडेल मोजायचे माप गौरम्माचे. मिश्रण दर वेळी ताजे करावे, एरंडेल तळाला बसते. गाडी हार घालून कोपऱ्यात उभी करू नये. शाळेला न्यावी. गाव पाहील, पाहू द्यावे.

कलम ४. बंधू जगदेवप्पा यांना मी काहीही देत नाही. लोक म्हणतील, वीरूने राग धरला. राग आहेच, पण कारण ते नाही. गुलबर्ग्याच्या वकिलाने सांगितले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला अण्णाची सही हवी आहे, कलम तीन वाचून, माझ्या डोळ्यांदेखत. मी भेसळ्या म्हणून मरणार नाही. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात, ते मी घेतले आहेत. पहिल्या नंबरची जागा अण्णासाठी मोकळी ठेवली आहे, त्याला काही लिहायचे झाले तर पुरावी म्हणून सगळ्यांच्या खाली. तो आला नाही तर ती मोकळीच राहू द्यावी, दुसऱ्या कोणाचा अंगठा तिथे उठवू नये.

हे लिहिलेले मी मल्लम्माला वाचून दाखवले. ती म्हणाली, बरोबर आहे, फक्त चिंचेला पाणी घालायचे लिहिले नाहीस. तेही लिहिले.

मुक्काम मादन हिप्परगा. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६८, फसली १३५६.

सही: वीरभद्रप्पा वल्द शिवशरणप्पा

साक्षीदार:

२. श्रीमंत वल्द ग्यानबा, शेतकरी, राहणार सदर.

३. किशनराव वल्द राघोबा, किराणा दुकान, राहणार सदर.

१. जगदेवप्पा वल्द शिवशरणप्पा, राहणार सदर. मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. कलम तीन दोनदा वाचलं. खरं हाय. निव्वळ पेट्रोल मीच भरलं हुतं, वीरूनं न्हाई. चावडीपुढंबी सांगून आलो. वीरू, येत्या बाजाराला मला मागं बसवून आळंदला ने. तेल मी मिसळतो.