नाव घालायची जागा

७ डिसेंबर, रविवार

काल चेण्याला हळद. चार तास उभं राहून कीबोर्ड. पाय सुजलेत. आमच्या बँजो पार्टीत मी एकटीच मुलगी, आणि एकटीच मीरा रोडची. बाकी सगळे राई गावचे. मालक महेशदादा, स्वतः बँजो वाजवतो. कीबोर्ड मी वाजवते, पण लोकांच्या मते मी 'ती पण आहे'.

म.दादाने नेहमीप्रमाणे तळहातावर पेनने नावं लिहून आणलेली. नवरा, नवरी, नवऱ्याचा बाप, मामा. हळदीचं गाणं एकच, आज या घरी, उद्या त्या घरी. मध्ये एक जागा मोकळी असते, तिथे घरचं नाव घालायचं. काल घामाने मामाचं नाव पुसलं गेलं. दादाने सरळ नवऱ्याचंच नाव दोनदा घेतलं. मामा रुसला, जेवलाच नाही!

बाबा सकाळी म्हणाले, "बी.ई. करून हळदीत वाजवतेस, हे गिरगावात कुणाला सांगू नकोस." गिरगाव सोडून वीस वर्षं झाली यांना. अजून तिथल्या लोकांना घाबरतात.

९ डिसेंबर

राईला गेले होते, चंद्रीमावशीकडे. म.दादाची आई. आवाज असा की माईक लाजेल. खाडीकाठी तिचं खळं आहे, शेणाने सारवलेलं, त्यावर जवळा सुकतो. सासूच्या आधीपासून त्याच घराकडे. कागद नाही. खळ्याच्या कडेला आता लाल रिबिनीच्या खुंट्या मारल्यात. रस्ता येणार म्हणे. रस्ता कुणासाठी, तर पलीकडे भराव टाकून जे टॉवर उभे राहणार त्यांच्यासाठी.

मी एक गाणं केलंय. हळदीच्याच ठेक्यावर, नवऱ्याच्या नावाच्या जागी मावशीचं नाव:

चंद्रीचं खळं गो, खाडीच्या वाटंला,
कोन टाकीतं माती, ईचारा भरतीला.

मावशीने एकदा ऐकलं आणि दुसऱ्यांदा माझ्यापेक्षा चांगलं गायली. मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मागे कावळे, मधेच कोंबडी. काढणार नाही ते आवाज. स्वतःचं नाव आलं की दर वेळी हसत होती. "नवऱ्याचा सोडून माजा नाव कोन घालतंय!"

पुढच्या आठवड्यात एकटीच प्रवासाला जातेय, आले की नीट मिक्स करून टाकायचं नेटवर. माझं पहिलं स्वतःचं गाणं. ट्रॅक सध्या दादाकडे ठेवलाय, ढोलकी भरायला.

१२ डिसेंबर

घरात एकच विषय. मी एकटी का जातेय. आई: "एकटी म्हणजे कुणाबरोबर?"

प्लॅन साधा. गेटवेहून लाँचने मांडवा, मग एसटी, आणि वाटेत येईल ती खाडी बोटीने ओलांडायची. दिघी, वेश्वी, दाभोळ, जयगड, जमेल तितकं खाली. पुलावरून नाही. प्रत्येक काठावरचा आवाज रेकॉर्ड करायचा. का, हे आईला सांगता आलं नाही. मलाही नीट माहीत नाही. फक्त दहा दिवस कुणी मला कुठल्या विंगमधली ते विचारू नये.

संध्याकाळी सोसायटीत भाऊ आले. महापालिकेला उभे आहेत. नाव लिहायची गरज नाही, आख्ख्या वॉर्डात एकच भाऊ. आल्या आल्या मराठी अस्मिता, मग शेजारच्या गुजराती काकी दिसल्या तर "केम छो", मग सेक्रेटरीशी हिंदीत पेव्हर ब्लॉक. तिन्ही भाषांत तेच. बाबा पहिल्या रांगेत, मान हलवत. राईच्या रस्त्याचं मी विचारलं तर भाऊ म्हणाले, "ताई, विकास नको का तुम्हाला?" टाळ्या. टाळ्या सेक्रेटरीच्या, पण पहिल्या बाबांच्या.

१५ डिसेंबर, मुरूड

बाई खोली देईनात. "एकटीच? मिस्टर मागून येतायत का?" शेवटी आईशी फोनवर बोलून खात्री केली. मी सव्वीस वर्षांची आहे! आईने बहुतेक माझ्या सर्दीबद्दल पण सांगितलं, कारण सकाळी न मागता आल्याचा काढा आला.

काढा चांगला होता. तेही लिहायला हवं.

१७ डिसेंबर, दाभोळ

आज फार बरं वाटलं. बोटीवर एक ट्रक, दोन टेम्पो, शाळेची पोरं आणि मी. इंजिनाचा आवाज बरोबर हळदीच्या ठेक्यात. रेलिंगवर बोटांनी मावशीचं गाणं वाजवलं. कुणी ओळखत नाही, कुणी विचारत नाही. तोंडाने पण म्हटलं, मोठ्याने. एका पोराने वळून पाहिलं, बस.

परत जाऊच नये की काय

१८ डिसेंबर, गुहागर

नेटवर्क आलं. आमच्या ढोलकीवाल्याचं स्टेटस. प्रचाराची रिक्षा, दोन्ही बाजूंना भाऊंचे हात जोडलेले फोटो, आणि भोंग्यातून

भाऊंचं काम गो, खाडीच्या वाटंला,
कोन आनील विकास, ईचारा भरतीला.

माझी चाल. माझी भरती. आवाज मावशीचा.

मागे कोंबडी पण तशीच.

फोन केला, म.दादा उचलत नाही. पाच मिनिटांनी त्याचा मेसेज: "मॅडम गाना हिट हाय", आणि तीन फुलं.

जेवले नाही. जयगड राहिलं. उद्या सकाळची एसटी.

२० डिसेंबर

म.दादाच्या घरी गेले. ओट्यावर बँजोच्या तारा बदलत बसलेला. मी चढ्या आवाजात, तो आरामात. बायकोला म्हणाला, चहा टाक. चोरी करून चहा!

पण तो चोरासारखा बसलाच नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय. सगळ्यात राग त्याचा आला.

"सुपारी घेतली ना आपन. ज्याची सुपारी त्याचा नाव. हलदीन नवऱ्याचा नाव घालतो तवा कंच्या नवऱ्याला ईचारतो, तू चांगला हायस का म्हनून?"

मी म्हटलं, हे हळदीचं गाणं नव्हतं. म्हणे, "मंग नावाला जागा कशाला ठेवलीस?"

 घरी येईपर्यंत सतरा उत्तरं सुचली, एकही कामाचं नाही.

म्हटलं, निदान आईचा आवाज तरी तिला विचारून वापरायचास. तो चाचरला नाही, तार पिळत राहिला. "तिला ईचार."

२३ डिसेंबर

तीन दिवस जायचं धाडस झालं नाही. आज गेले. मावशी जवळा पसरत होती. मी पण बसले पसरायला, तिने नको म्हटलं नाही.

भाऊंचं गाणं मीच गायले, मावशी म्हणाली. रेकॉर्डिंगला परत बसली, भाऊंचं नाव घालून. कोंबडी तेवढी माझ्या ट्रॅकमधली.

भाऊ स्वतः खळ्यावर आले होते. चप्पल बाहेर काढून. मूठभर जवळा उचलून वास घेतला आणि शब्द दिला: मावशी, खळ्याला हात लावणार नाही, खुंट्या पलीकडे सरकवतो.

"तुजा गाना चांगला हाय पोरी. पन तुज्या गान्यान खळा ऱ्हातंय का? त्याच्या गान्यान ऱ्हाईल."

मी म्हटलं, ते सगळ्यांना शब्द देतात. ती म्हणाली, "तू तं त्यो पन न्हाय दिलास."

हे लागलं. खरं आहे म्हणून लागलं. मी गाणं केलं आणि बोटीवर बसून स्वतःवरच खूश होत होते. तरीही राग जात नाही. तिच्यावर पण आहे, आणि तिच्यावर राग धरायची लाज पण.

निघताना पिशवीत जवळा घातला तिने. आईने भजी केली. एवढा ब्रह्मघोटाळा आणि मी चार भजी खाल्ली.

४ जानेवारी

पार्टीत जात नाही. म.दादाने भाईंदरचा एक पोरगा घेतलाय कीबोर्डला. ऐकलं मी रिक्षातून, कोमल रे चुकतो.

रिक्षा रोज तीनदा. सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग, दुपारी, संध्याकाळी. खाली मुलं लंगडी खेळताना तेच म्हणतात. गुजराती काकींचा नातू 'गो' फार छान म्हणतो. आई म्हणाली, "चाल मात्र गोड आहे हो." मी म्हटलं, माझी आहे. आई म्हणाली, "मग तुझं नाव का नाही घातलं?"

बाबा दाढी करताना गुणगुणत होते. बाबा कधीच गुणगुणत नाहीत.

ओरिजिनल टाकू नेटवर? दोनदा अपलोडला लावलं, दोनदा बंद केलं. मावशीच्या आवाजात ते वाजलं आणि भाऊंनी खुंट्या होत्या तिथेच ठेवल्या तर? म्हणजे माझं गाणं गप्प राहिलं तर खळं राहणार. असला सौदा मी कधी केला? मला न विचारताच झाला, आणि पाळायचा मीच.

मतदानाचा दिवस

शाई लागली. कुणाला ते इथेही लिहीत नाही. रांगेत पुढची बाई तेच गाणं पुटपुटत होती.

निकालानंतर, रविवार

भाऊ आले. म्हणजे निवडून. गुलाल, जेसीबीतून हार, ट्रकवर आमची पार्टी. म.दादाने खालून मला गॅलरीत पाहिलं, बँजो उचलून दाखवला. चेहऱ्यावर निव्वळ आनंद. हा माणूस माझ्यावर रागावलेलाही नाही.

बाबांनी पेढा आणून दिला. खाल्ला नाही. नंतर खाल्ला.

मावशीला विचारलं फोनवर. खुंट्या? "सरकवतील. आता तं आयलाय त्यो."

३० जानेवारी

म.दादाचा सकाळी फोन. नुसतं म्हणाला, "मॅडम, येतेस?"

गेले. खळं नाही. लाल मातीचा ढीग, त्यावर दुसरा डंपर रिकामा होत होता. पसरलेला जवळा उचलायलाही दिला नाही. कडेला थोडा दिसत होता मातीतून. भाऊंच्या माणसाने म.दादाला सांगितलं, वरून ऑर्डर आहे, भाऊंच्या हातात नाही. भाऊ दिल्लीला. की पुण्याला. की मीटिंगला.

म.दादा मातीकडे बघत उभा. मला तोंडावर पुष्कळ आलं होतं. त्याच्या हातावर परवाच्या हळदीची नावं अजून पुसट होती. 

मावशी दार लावून आत. दोनदा हाक मारली आणि निघाले.

२ फेब्रुवारी

मावशीचा फोन. रडली नाही. आवाज बसलेला.

रविवारी राईतच हळद आहे, मोठ्या घरची. भाऊंना आमंत्रण आहे, येणार आहेत. लोकांनी आताच म.दादाला सांगून ठेवलंय, ते गाणं पाहिजे म्हणून. पोरं-सोरं नाचतात त्यावर.

"मी उबी ऱ्हाऊन गानार हाय. त्याच्या म्होरं. तू ये वाजवाला. त्या पोऱ्याला जमत न्हाय."

म.दादा काय म्हणतो, विचारलं. "त्यो काय बोलनार. वाजवील." मग म्हणाली, "पन त्या जागेव आता कोनाचा नाव घालाचा, ता तू सांग."

मी म्हटलं, तुझं. तुझंच होतं.

"माजा नको. खळाच न्हाय, तं माजा नाव कशाला?"

रविवारपर्यंत सांगते म्हटलं.

धूळ पुसून कीबोर्ड काढला. चाल वाजवली, हळू. त्या जागेपाशी आले आणि थांबले. आतल्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. वाचता वाचताच त्यांनी ती जागा भरली.

"भाऊंचं..."