वरातीचा टर्नआऊट

मुंबई, भायखळा
ता. १२ एप्रिल १९११

तीर्थस्वरूप शंभूमामांच्या पायांशी मानाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

नमस्कार झाला. आता उर्मट कोण ते बोलू. "दोन पत्रं टाकली तरी उत्तर नाही, पोराचा ताठा अजून गेला नाही" असं तुम्ही लिहिता. मामा, दोन्ही पत्रं मी परत वाचली. मान्या जेवतो का, निजतो कुठे, एवढं पण तुम्ही विचारलेलं नाही. तुम्हाला काय पाहिजे तेवढंच दोन्हींत आहे. मग उत्तराची घाई मी का करू? मी इथं सुम्मने, रिकामा बसलो नाही.

खुशाली न विचारता सांगतो. घोडेव्यापाऱ्याच्या तबेल्यात आहे. जहाजातून उतरलेले घोडे आधी माणसाला ओळखत नाहीत, भिंतीला लाथा मारतात. त्यांना शांत करायचं, खरारा, पाणी, चंदी, मग गाडीला जुंपून सवय लावायची. एकानं खांद्याला चावा घेतला होता, ते आता बरं आहे. मोडी मला येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून बाळबोधीतच लिहितो. चुका मामींना काढू देत, तुमच्या होणाऱ्या जावयाला, रघुनाथरावाला नको.

तुम्हाला दोन गोष्टी पाहिजेत. एक माझी सुपारी, दुसरी सारजा.

सुपारीचं आधी. मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, आणि तिला बाहेर द्यायची तर भाच्यानं आपल्या हातानं सुपारी द्यायची, त्याशिवाय हळद लागत नाही, हे मी केलेलं नाही. आपल्या घरांत आजोबांच्या आधीपासून चालत आलंय. पाळण्यातल्या कमळीच्या पायांत आईनं चांदीचे वाळे घातले तेव्हा "अक्का, ही तुझीच" असं तुम्हीच म्हणाला होता. आई ते मरेपर्यंत सांगत होती. आता तुम्ही लिहिता, "रीत म्हणून एक सुपारी टपालात घाल, त्यात काय मोठं?" मोठं नसतं तर मागितली असती का? मी तुमचा एकुलता भाचा. दुसरा असता तर त्याच्याकडून घेतली असती आणि मला पत्ता पण लागू दिला नसता.

आता सारजा. ती बाबांची घोडी. दसऱ्याच्या स्वारीत बाबा तिच्यावर बसून गेले ते सगळ्या म्हैसूरनं पाहिलंय. बाबांनंतर ती माझी. तुमच्या अंगणात बांधली आहे म्हणून तुमची झाली नाही. आणि तुम्ही लिहिता, "घोडी घरचीच आहे, वरातीत रघुनाथराव तिच्यावर शोभून दिसेल."

शोभून दिसेल! अय्यो मामा, हे लिहिताना तुमचा हात थांबला नाही?

त्या दिवसाचं मी आजपर्यंत कुणाला लिहिलं नाही. आज लिहितो. रिसाल्यात नवी पोरं घेणार होते. ज्याचा घोडा, खोगीर, कपडे साहेबाला पसंत पडतील तो आत. तुम्ही म्हणाला, "इंग्रजी चार शब्द पाहिजेत रे, रघूकडून शीक." तोच आजचा तुमचा रघुनाथराव, सोसले गावाहून इंग्रजी शाळेसाठी येऊन तीन वर्षं राहिलेला, आपल्याच ओसरीवर जेवायचा. मी त्याच्यापुढं मांडी घालून बसलो.

"साहेब जवळ आला की छाती काढ आणि म्हण, टर्न आऊट, साहेब!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे साहेब, माझा घोडा बघा, खोगीर बघा, सगळा सरंजाम बघा."

"एवढं सगळं दोन शब्दांत?"

"इंग्रजी आहे ती, मान्या. तुझ्या मराठीसारखी लांबट नाही."

मी घोकलं. मैदानावर सारजा अशी चमकत होती की तिच्या पाठीवर तोंड पाहावं. साहेब आला. तिच्या मानेवरून हात फिरवला, खोगिराचा तंग ओढून बघितला, मान हलवली. तो खूश होता, मामा. मी गप्प राहिलो असतो तर आत होतो. पण मला शिकवलेलं होतं ना. मी छाती काढली आणि म्हटलं. साहेब म्हणाला, "व्हॉट?" मला वाटलं आवाज कमी पडला. मी दुप्पट ओरडलो. बिगुलवाल्यानं बिगुल दातांत धरला, पण हसू नाकातून आलं. मग सगळी रांग. साहेबाचं तोंड लाल झालं. मला दंड धरून फाटकाबाहेर काढलं आणि मागून सारजेला.

इथं तबेल्याचा एक म्हातारा मुकादम आहे, फौजेत होता. रोज सकाळी तो दारात उभा राहून ओरडतो, "टर्न आऊट!" म्हणजे असाल तसे बाहेर या, रांगेत उभे राहा. हा हुकूम. मग गिऱ्हाईक येतं. गाडी, जोडी, पितळ, गाडीवानाचा फेटा, सगळं डोळ्यांखालून घालतं आणि म्हणतं, "टर्नआऊट छान आहे." हा देखावा. हुकूम करायचा असतो आणि देखावा बघायचा असतो. मला देखावा बघा म्हणायचं होतं आणि मी साहेबाला हुकूम सोडला, जसा काही तो माझा पहारेकरी. पहिल्या आठवड्यात मला हे कळलं तेव्हा मी हातातली बादली ठेवून खाली बसलो. मुकादम म्हणाला, "काय झालं रे?" मी म्हटलं, पाय मुरगळला.

रघूचं मी समजू शकतो. त्याला ती जागा पाहिजे होती, ती मिळाली. आणखी पण एक पाहिजे होतं. वैरी वैऱ्यासारखा वागला.

पण तुम्ही? तुम्ही रिसाल्यात दफेदार होता. जन्मभर तो हुकूम ऐकलात आणि सोडलात. आदल्या संध्याकाळी मी अंगणात सारजेचा खरारा करत तेच घोकत होतो, टर्न आऊट साहेब, टर्न आऊट साहेब. तुम्ही खाटेवर पडला होता, हात डोळ्यांवर. मी विचारलं, "मामा, बरोबर आहे ना?" तुम्ही हात काढला नाही. म्हणालात, "मोठ्यानं म्हण."

हे मला इथं कळलं, आणि पाय मुरगळला तो याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर रघूनं नक्कल करून दाखवली. साहेब तोच, मान्या तोच, घोडी पण तोच. तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. म्हणालात, "ज्याला दोन शब्द सांभाळता येत नाहीत तो घोडी काय सांभाळणार आणि बायको काय?" मी दाराबाहेर खोगीर पुसत होतो. तुमचं हसू मी गिळलं असतं. शेजाऱ्यांचं पण. पण दाराच्या मागं आणखी एक जण हसलं, आधी तोंडावर पदर धरून आणि मग न धरता. ते हसू मी लहानपणापासून ओळखतो. चिंचेच्या झाडावरून मी पडलो तेव्हा पण ती हसली होती, पण धावत खाली पण आली होती. या वेळी कुणी बाहेर आलं नाही. त्याच दुपारी मी स्टेशन गाठलं.

तर आता माझं ऐका.

सुपारी मी दिली. कालच्या टपालानं गेली, पण तुमच्या पत्त्यावर नाही. कडकोळच्या गंगाधररावांकडे गेली. बाबांचे ते जुने सोबती, सारजेला पहिला नाल त्यांनीच ठोकला. हळदीच्या आदल्या दिवशी ते तुमच्या दारी येतील. सारजा फाटकाबाहेर पडली की ते सुपारी तुमच्या हातात ठेवतील. ती बाहेर पडली नाही तर सुपारी घेऊन परत जातील, मग चार माणसांत हळद कशी लावता ते बघा. त्यांच्यापुढं बाता मारू नका, त्यांना कानांनी कमी ऐकू येतं.

आणि घोडी कमळीनं सोडायची. तुम्ही नाही, गड्यानं नाही. दुसऱ्या कुणाच्या हातानं सारजा दावणीवरून हलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. कमळीनं दोर सोडावा, रोजच्यासारखा गूळ द्यावा, फाटकापर्यंत चालवत न्यावं आणि गंगाधररावांच्या हातात लगाम द्यावा. त्या वेळी तिला हसू आलं तर हसू दे. माझं काही म्हणणं नाही.

राहिली वरात. दुसरी चांगली घोडी मागायला जाल तर लोक विचारतील, "दफेदार, तुमच्या दारातली सारजा कुठं गेली?" मग सांगा त्यांना. सांगवत नसेल तर मार्केटापाशी जटकेवाले, टांगेवाले उभे असतात. त्यांच्यात एक डोळा गेलेलं एक पांढरं तट्टू आहे, दर चार पावलांनी थांबतं. ते घ्या. त्याच्यावर जावई बसवा, बाशिंग बांधा, वाजंत्री लावा आणि सगळ्या गल्लीला दारात उभं करा. इंग्रजी शिकलेला आहे, त्याला म्हणावं, आज तुझा टर्नआऊट आहे, शब्द बरोबर वापरलाय का बघ.

तुम्ही खाटेवरून बघा. तोंडातून शब्द काढू नका. तुम्हाला ते जमतं.

मामींना नमस्कार. त्यांनी माझ्या डब्यात चोरून घातलेल्या लाडवांचं फडकं अजून माझ्याजवळ आहे.

आपला,
ज्याच्या सुपारीवाचून हळद लागत नाही तो भाचा,
मानाजी

मनीऑर्डर वेगळी केली आहे. तट्टाचं एका संध्याकाळचं भाडं, भाच्याकडून आहेर म्हणून. रुपया एक, आणे चार.