समरसिबलमध्ये सुजाता

४ एप्रिल
सुजाताचा फोन, जहाजावरून. आवाज मागे-पुढे. म्हणाली, "आई, सबमर्सिबलमधून खाली जायला माझा नंबर लागलाय." मला हसूच आलं. म्हटलं, "बाबांच्या दुकानात चार पडल्यात, त्यातली घेऊन जा एक." आमच्याकडे समरसिबल म्हणजे बोअरमधली मोटार. त्यात माणूस कुठून बसणार! पोरगी हसली नाही, तेव्हा कळलं हे काहीतरी वेगळंच आहे.

तीन माणसं जेमतेम मावतील असा जाड धातूचा गोळा. त्यात बसून समुद्राच्या तळाला. तिथे महायुद्धात बुडालेलं जहाज आहे, विमानं वाहून नेणारं. विमानं अजून आत आहेत म्हणे. आजवर सु. जहाजावरच बसून कॅमेऱ्याचं यंत्र खाली सोडायची. "माणूस खाली जातच नाही, आई." याच बोलीवर मी तिला आळे गावातून पाठवली. आता कॅमेरा सांभाळायला आत माणूस हवा, आणि तो माणूस माझीच पोर.

म्हणाली, "तुम्ही दोघं हो म्हणा, मग कळवते. नको म्हणालात तर नाही जाणार."

हो म्हणायला जीभ उचलेना. सांगते म्हटलं.

५ एप्रिल
किती खोल, ते ह्यांनी काल विचारून घेतलं होतं. आज समजावून सांगितलं. आपल्या घरापासून आळेफाट्याला चालत जायचं आणि परत यायचं, तेवढं. फक्त सरळ खाली. कशाला सांगितलं देव जाणे. मी फाट्यावर भाजी आणायला गेले तर सगळा रस्ता रिक्षातून खालीच बघत होते. शेजारची कुसुम म्हणाली, "काय गं, काय पडलं तुझं?"

७ एप्रिल
हे निमगाव साव्याला गेले होते. एकाची मोटार बोअरमध्ये अडकलेली. कप्पी लावून ओढताना दोर तुटला, मोटार गेली तळाला. मालक म्हणाला, "जाऊ द्या राव, दुसरी टाकू." जेवताना सांगत होते. मी ताटावरून उठले.

"अगं, मोटार व्हती ती."

मला काय कळत नाही? तरी सु.ला मेसेज करून विचारलं, तुमचा दोर तरी मजबूत आहे ना. उत्तर आलं, दोर नसतोच. खाली लावलेली वजनं सोडली की आपोआप वर येतं, आणि तेच जास्त बरं.

दोरच नाही. बरं कसं?

८ एप्रिल
माझा दादा आला आंबेगावाकडून. आमचं माहेरचं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात. दादा दरवर्षी जाऊन आमच्या जोत्यावर बसून येतो. मी एकदाही गेले नाही. मला भीती वाटते, बसल्या जागी पाणी परत येईल अशी. सु. लहानपणी सारखी विचारायची, "आई, तुझी चूल अजून खालीच आहे का? मासे येत असतील का गं घरात?" मीही रंगवून सांगायचे.

दादा म्हणतो, "तूच लावलंय तिला हे येड. आता रडती कशाला?" आणि वर हसतो. असा राग आला! भाकरी मात्र दोन जास्त वाढल्या.

९ एप्रिल
सकाळी सु.चा फोन. आज नावं पक्की करणार. हे म्हणाले, "जाऊन ये बाळा. नीट बस." मग फोन माझ्या हातात. मला नको म्हणायचं होतं. पदरानं नाक पुसलं. ती म्हणाली, "आई, रडतीयस का? मग राहू दे. नाही जात मी." तिचा आवाज एवढा पडला की मला माझाच संताप आला, आणि तिचाही. म्हटलं, "जायचंय ना तुला? मग जा!"

फोन कट. रेंज गेली की तिनंच ठेवला, कोण जाणे.

दुपारी
नुसतं "जा" म्हणाले. कुसुम मीठ आणायला निघाली तरी मी तिला जाऊन ये म्हणते. आणि पोरीला समुद्राच्या तळाला धाडताना नुसतं जा.

अशानं काही होत नसतं. आमच्या घरात रोज बुद्धवंदना होते, शकुन-अपशकुन आम्ही कधी मानले नाहीत. तरी लगेच तिला परत लावायला घेतला. फोन लागत नाही. मेसेज टाकला, "जाऊन ये." एकच टिक.

११ एप्रिल
अजून एकच टिक. तिकडे हवा खराब आहे म्हणे, नेट नाही. सकाळी वंदना म्हणताना मध्येच विसरले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ह्यांना शेवटी त्या नुसत्या "जा"चं सांगून टाकलं. मग म्हणाले, "मी म्हणलो ना जाऊन ये. दोघांचं मिळून धरायचं." मला हसवायला. पण दुकानाची किल्ली उलटी लावत होते.

१२ एप्रिल, सकाळी
जहाजावरच्या तिच्या मैत्रिणीचा मेसेज, ह्यांच्या फोनवर. सु. खाली निघाली. हवा निवळल्या निवळल्या घाईनं निघाले. तिचा फोन खोलीत बंद पडलाय. म्हणजे माझा मेसेज तिनं वाचलेलाच नाही. तिच्या कानात अजून ते "जा"च असणार.

दुपारी
तळाला पोचले. जहाज सापडलं. सु. आतून बोलली म्हणे, एका विमानाचा पंखा अगदी समोर दिसतोय, आईला सांगा. मला सांगा म्हणाली.

मला पंखा नको. मला ती पाहिजे.

संध्याकाळी
वर यायची वेळ होऊन गेली. मैत्रीण लिहिते, कधीकधी उशीर होतो, घाबरू नका. म्हणजे काय? हे दुकान बंद करून पायरीवर बसलेत. दादा आलाय, आज हसत नाही. "च्या टाकू का?" हे विचारतायत. नको म्हटलं, ती वर आली की टाका.

फोन परत उघडला. जाऊन ये. एकच टिक. त्याच्याखाली आणखी एक पाठवला. नुसतं "ये".